परदेशी बुफेत शेवटी पोटात काय गेलं?

परदेशातल्या बड्या हॉटेलात बुफेला गेलात तेव्हा काय झालं, ते लिहा. पदार्थांच्या याद्या नकोत, त्या पुष्कळ वाचल्या. फजिती सांगा. सुरुवात मीच करतो.

टोकियोत रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, "सकाळी दुसऱ्या मजल्यावर बायकिंगु." मला वाटलं, सायकलींचं काहीतरी आहे. बायको म्हणाली, उपाशीपोटी मी पॅडल मारणार नाही. वर जाऊन बघतो तर बुफे! टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या धर्तीवर हवं तेवढं वाढून घ्यायची सोय केली आणि तिला 'इम्पीरियल व्हायकिंग' नाव दिलं. जपानी तोंडात व्हायकिंगचं बायकिंगु झालं आणि तेच नाव बुफेला कायमचं चिकटलं. मी खाल्लं काय? भात आणि ऑम्लेट.

*

जर्मनी, सकाळचे सात. एका बशीत गुलाबी, मऊसर काहीतरी, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. टोमॅटो घातलेलं चीज असणार, असं समजून पावावर चांगलं जाड थापलं. दुसऱ्या घासाला शंका आली. शेजारच्या आजोबांना विचारलं तर ते खुलले, "मेट! मेट!" म्हणजे डुकराचा कच्चा खिमा. मी मांसाहारी आहे, पण सकाळी सातला एवढा नाही. आजोबा बघत होते म्हणून पाव संपवला.

*

वरच्या दादांना निदान चवीवरून कळलं. आम्हा शाकाहारी लोकांना कळतही नाही. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा, मिसो सूपच्या पाण्यात सुकवलेला बोनिटो मासा, पन्नाकोटा नावाच्या गोड पदार्थात जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन, अस्सल पार्मेजान चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट. तिसऱ्या दिवशी मी शेफलाच गाठलं. बिचारा उंच टोपी सांभाळत माझ्याबरोबर अख्खी फेरी मारून आला. "नो. नो. सॉरी, नो." फळांपाशी पोचल्यावर त्याचाच चेहरा उजळला. त्यातही कलिंगडाच्या फोडींवर कुणीतरी हॅमचा चिमटा टाकून गेलेलं.

*

मी पलीकडच्या बाजूने सांगतो. आखातातल्या एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काही वर्षं होतो. पाव, भात, पास्ता, सॅलड सुरुवातीला का, तर प्लेट तिथेच भरावी म्हणून. महागाचं मांस शेवटी, आणि तेही कापून द्यायला माणूस उभा. पाहुण्याला वाटतं केवढी सरबराई! खरं काम पातळ काप काढायचं. चेफिंग डिश, म्हणजे जेवण गरम ठेवायचं झाकणाचं भांडं, तिच्याखाली पाणी असतं, त्याखाली जळणाच्या जेलचा डबा पेटलेला. पाणी आटलं की भाजी तळाला लागते आणि वास थेट टेबलांवर. जेवण साठ अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, म्हणून हातात कायम थर्मामीटर.

पण खरी कसोटी रमजानची. इफ्तारला शेकडो माणसं प्लेटा भरून बसलेली, हात मांडीवर, समोर खजूर. चमच्याचाही आवाज नाही. अजान झाली की पाण्याचे ग्लास एकदम उचलले जायचे. मग पुढची दहा मिनिटं आम्ही किचनमधून पळत ट्रे आणायचो. एरवी निम्मं अन्न तसंच ठेवून परत येणाऱ्या प्लेटा बघून राग यायचा. इफ्तारचं जेवण वाढताना कधी आला नाही.

*

कुणीच कबूल करत नाही म्हणून मी करते. उकडलेली अंडी, पर्समध्ये, टिश्यूत गुंडाळून. प्रत्येक देशात.

*

ताई, नॉर्वेत जपून! काही हॉटेलांत डबा भरून न्यायचा तर वेगळे पैसे असतात, तशी पाटीच लावलेली असते. आमच्या आईने ती पाटी वाचली आणि पर्सची चेन ओढून घेतली. तिकडे चीजच्या टेबलावर तपकिरी चौकोनी वडी होती. आई म्हणाली, हात धुवायचा साबण इथे कुणी ठेवला? तो ब्रुनोस्ट, चीज करताना उरलेलं दुधाचं पाणी आटवून केलेला, दुधाच्या टॉफीसारखा गोड. त्याचे काप काढायला मधे फट असलेलं उलथन्यासारखं हत्यार असतं. आईने ब्रुनोस्ट अर्धाच काप खाल्ला. पण ते हत्यार दहा मिनिटं उलटंसुलटं करून पाहिलं, दुपारी दुकानातून एक विकत घेतलं, आणि आता त्याने काकडी कापते.