धाकटी जाऊ १९ ची, बाळ तीन महिन्यांचं, तिला बाळाची ओढच नाही का?

मोठी_जाऊ_कोपरखैरणे:
वन बीएचकेत आम्ही चौघं, सासूबाई, दीर आणि त्याची बायको. लग्न १८ पूर्ण झाल्यावरच झालंय, आधीच सांगते नाहीतर सगळे त्यावरच तुटून पडतील. अकरावीतून शाळा सुटली. बाळ रडलं की ही बाळाकडे नाही, सासूबाईंकडे बघते. त्या उचलतात आणि ही मोबाईल घेऊन गॅलरीत, जालन्याला आईला फोन. दूध पाजते तेवढंच. परवा मला विचारते, ताई, याला मी आवडत नाही का हो? काय बोलावं कळेचना.

कळवा_नाका:
मी १७ ची होते माझा मुलगा झाला तेव्हा, आता तो २३ चा घोडा आहे. घरात सगळ्या अनुभवी, मी हात लावला की अगं मान धर मान धर, शेवटी मी हात लावायचंच सोडलं आणि मग ऐकायचं काय तर हिला माया नाही. आंघोळ मालिशवाली घालणार, झोपवणार सासू, मग माया यायची कुठून? एकदा सासूबाई आठ दिवस गावाला गेल्या. पहिल्या दिवशी तोही रडला, मीही रडले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, कान चोळायला लागला की झोप आलीये, मूठ चोखली की भूक. सासूबाई आल्यावर मीच त्यांना सांगितलं, आता झोपवा त्याला. त्या गप्प. ते अजून आठवतं.

ठाणेकर_७७:
मोबाईल काढून घ्या आधी. सगळं रील्समुळे.

कळवा_नाका:
दादा, तिची आई जालन्यात आहे, मोबाईल काढला तर बोलणार कोणाशी?

तुर्भे_आशा:
मी आशा म्हणून काम करते. साडेतीन महिन्यांचा डोस येईल आता, कार्ड तिच्या हातात द्या आणि तुम्ही नुसत्या सोबत जा. सिस्टर विचारते ताप आला होता का, उत्तर देते सासू आणि पोरगी मागे उभी, रोज बघते मी हे. पण ती सारखी रडत असेल, झोप-जेवण उडालं असेल आणि दोन आठवडे तसंच चाललं असेल तर नखरे म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा, नाहीतर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, पैसे नाहीत, मराठीत बोलतात. पाळणा लांबवायचं पण आत्ताच विचारून घ्या, अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहत नाहीत या भरवशावर लय जणी फसतात. आणि दहावी पास होऊन दोन वर्षं झाली असतील तर १७ नंबर फॉर्म भरून, रोज कॉलेजला न जाता, बाहेरून बारावी देता येते, बघा तिला विचारून.

मोठी_जाऊ_कोपरखैरणे:
काल डोस झाला. सिस्टरनी विचारल्यावर माझ्या तोंडात आलंच होतं पण गप्प बसले, फार जड गेलं हो. ती म्हणाली, मागच्या वेळी डाव्या मांडीला बारीक गाठ आली होती, चार दिवस राहिली, मी रोज हात लावून बघायचे. घरात आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.