प्रवासात मुलांच्या अंगावर काय घालता? अनुभव लिहा

गेल्या महिन्यात पुण्याहून एसटीने महाबळेश्वरला गेलो. लेक साडेतीन वर्षांची. बाहेरगावी जायचं म्हणून तिला नवी जीन्स घातली. वाई सोडून पसरणी घाट लागला आणि तिची चुळबुळ सुरू झाली. आधी "पोट दुखतंय", मग रडणं, पाचगणी यायच्या आत उलटी. शालीच्या आडोशाने कपडे बदलले. सासूबाईंनी जुन्या सुती साडीचा शिवलेला सैल पायजमा होता, तो चढवला आणि पंधरा मिनिटांत ती झोपली. रात्री आंघोळ घालताना पोटावर बटणाचा लाल गोल वळ दिसला. उभी असताना जीन्स अगदी मापात होती. बसली की रुतत होती, आणि एवढा वेळ ती बसूनच होती. घाट पुष्कळ मुलांना लागतो, पण पोट आवळलेलं होतं म्हणून तिला जास्त लागला असं मला वाटतं. तो वळ दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

प्रवासाचा विषय निघाला की खाऊ, औषधं, खेळणी यांवर आपण भरभरून बोलतो. कपड्यांचं बोलणं मात्र "दोन जोड जास्त घे" एवढ्यावर संपतं. अंगावरच्या कपड्यांनी प्रवास सोपा झाला किंवा बिघडला, असं तुमच्याकडे काय काय घडलं? आधी गाव आणि मुलाचं वय लिहा, म्हणजे संदर्भ लागेल.

चिपळूण. नातवंडं २ आणि ५ वर्षांची

मी तीस वर्षं शिवणकाम केलं, बहुतेक लहान मुलांचंच. तुमच्या लेकीच्या जीन्सची कंबर चुकली नसणार, आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची) कमी पडलं असणार. उभ्याने माप घेतलं की आसन कळत नाही. मुलाला पाटावर बसवायचं, कमरेपासून पाटापर्यंत बाजूने टेप धरायची आणि त्यात दोन बोटं वाढवायची. डायपर असेल तर चार. आसन कमी पडलं की बसल्यावर पँट मागून खाली ओढली जाते आणि पुढून पोटात रुतते. मुंढाही बघा, म्हणजे बाही जोडतात ती खांद्या-काखेची जागा. मूल कडेवर असतं तेव्हा त्याचा हात आपल्या खांद्यावर असतो. मुंढा घट्ट असला तर तासाभरात काखेत काचतं, आणि मूल का किरकिरतंय ते कुणाला कळत नाही.

आणखी एक सांगते. विकतचा कपडा "वाढत्या अंगाचा" म्हणून दोन वर्षं मोठा घेतात. त्यात उंची वाढते तसा गळाही वाढतो, खांदाही वाढतो. खांदा उतरतो, बाही बोटांवर येते, पँटचा पाय टाचेखाली. एसटीची पायरी उंच असते. स्वतःच्याच पँटवर पाय पडून स्टँडवर पडलेली मुलं मी पाहिली आहेत. वाढ उंचीत ठेवावी, खांद्यात ठेवू नये. खांदा आज आहे तेवढाच शिवायचा, खाली घेराला आतून दोन दाब (कापड दुमडून मारलेल्या टिपा) घालायचे. एक यंदा उसवायचा, एक पुढच्या वर्षी. जुन्या टिपेची रेघ दिसते, तिच्यावर लेस लावायची. माझ्या मुलीचा एक फ्रॉक असा तीन वर्षं चालला.

नागपूर. मुलगी ४ वर्षांची

बाबा लिहितोय. बायको आधीच मुंबईला गेली होती, मी आणि लेक मागाहून रात्रीच्या गाडीने निघालो. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही, म्हणून खालच्या एका बर्थवर दोघं. तिच्या अंगात मावशीने दिलेला जंपसूट. तिचा फार लाडका, तिनेच हट्टाने घातलेला.

वर्धा यायच्या आत तिला शू लागली. संडासातली फरशी ओली, गाडी हलतेय, एका हाताने तिला धरलेलं. आणि जंपसूट खांद्यापासून अख्खा उतरवावा लागतो, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तो ओल्या फरशीला लागू नये म्हणून मी दाताखाली धरला. पोर उघडी, थंडीने कुडकुडत. "बाबा, दार बंद आहे ना?" असं तिने तीनदा विचारलं. ते विचारणं माझ्या मनातून गेलेलं नाही. रात्री पुन्हा लागू नये म्हणून तिने नंतर पाणीच प्यायलं नाही, आणि मला ते सकाळी कळलं. पाठीवरची चेनही रात्रभर आम्हा दोघांना टोचत होती.

तेव्हापासून प्रवासात वरचा आणि खालचा कपडा वेगळा. खाली इलास्टिकची लेगिंग, वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता. लेगिंग खाली केली तरी अंग झाकलेलं राहतं, चार वर्षांच्या मुलीलाही ते हवं असतं. धातूचं बटण नाही, पाठीला चेन नाही. जंपसूट ती घरी वाढदिवसाला घालते. एकट्याने मुलींना घेऊन जाणाऱ्या बाकीच्या बाबांनीही लिहा, मला वाचायला आवडेल.

परभणी. ७ आणि १० वर्षं

रेल्वेच्या तिकिटाबद्दल थोडी भर. पाच ते बाराच्या मुलांना अर्धं तिकीट, पण त्यात बर्थ नाही. बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण तिकीट. आम्ही एकाचं पूर्ण आणि एकाचं अर्धं काढून दोघांना एका बर्थवर झोपवतो. दोघांनाही मऊ सुती पायजमे. एकाच्या खिशाची चेन दुसऱ्याच्या गालाला लागली होती, त्यानंतर खिसेवाल्या पँटी बॅगेत जातात.

सिन्नर. मुलगी तेव्हा ५ महिन्यांची

विषय मुलांच्या कपड्यांचा आहे, पण मूल अंगावर पिणारं असेल तर आईचा कपडा हाच त्याचा अर्धा प्रवास. म्हणून लिहिते.

दिराचं लग्न अकोल्याला होतं. ब्लाऊज शिवायला टाकताना मापाचं ब्लाऊज दिलं ते बाळंतपणाआधीचं. नव्याने माप द्यायचं सुचलंच नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं. निघायच्या आदल्या दिवशी घालून पाहिलं तर हुक भेटेनात. शिंप्याने दोन्ही बाजूंना शिवणीत इंचभर कापड ठेवलं होतं, ते उसवून कसंबसं बसलं. वऱ्हाड सगळं एकाच बसने, नटूनथटून, म्हणून मी तेच घालून निघाले. हुक पाठीला, वर बनारसी, खाली अस्तर सिंथेटिक.

दोन तासांनी बाळ उठलं. पाठीचे हुक काढल्याशिवाय पाजता येईना. जाऊबाईंनी शाल धरून हुक काढले, पण पुढे बाही इतकी घट्ट की ब्लाऊज खांद्यावरून सरकेना. बाळ आक्रोश करतंय, बसमधला प्रत्येकजण काही ना काही सुचवतोय, दूध पाझरून अस्तर ओलंचिंब. वाटेत एका मोठ्या स्टँडवर गाडी थांबली. तिथे "हिरकणी कक्ष" अशी पाटी होती. आत गेले, ब्लाऊज सरळ काढून ठेवलं, पदर गुंडाळला आणि बाळाला घेतलं. रायगडाचा कडा उतरून तान्ह्यासाठी घरी गेलेल्या हिरकणीची गोष्ट लहानपणी किती वेळा ऐकली होती. त्या दिवशी त्या पाटीकडे बघून मला रडू आलं.

उरलेला प्रवास जाऊबाईंच्या सैल कुर्त्यात केला, लग्नात साडी नेसले. आता बाळंतीण ओळखीची असली की मी आवर्जून सांगते: ब्लाऊजचं माप नव्याने द्या. शक्यतो बाळाला पाजायच्या थोडं आधी द्या, तेव्हा छाती भरलेली असते. हुक पुढे, अस्तर सुती, आणि बाजूला दीड इंच कापड आत ठेवायला सांगा.

पुणे (धागा सुरू करणारी)

सिन्नरच्या ताई, माझ्याही ध्यानात हे कधी आलं नव्हतं. बॅगेत मुलीचे चार जोड असतात, माझा एकही नसतो. त्या दिवशी घाटात उलटी माझ्या कुर्त्यावरच झाली आणि महाबळेश्वरपर्यंत मी तशीच बसले होते.

ठाणे. मुलगा ६ वर्षांचा

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याला कपडा टोचतो. आपल्याला जाणवणारही नाही अशी शिवण त्याला काट्यासारखी लागते. मानेमागचं लेबल तर नुसतं कापून चालत नाही. राहिलेलं अर्ध्या सेंटिमीटरचं टोकही त्याला कळतं, म्हणून टीप उसवून मुळापासून काढावं लागतं. हे समजायला आम्हाला तीन वर्षं लागली. तोपर्यंत बाहेर निघालो की तो अंगावरचे कपडे ओढायचा, फाडायचा, आणि आम्ही अर्ध्या वाटेतून परत यायचो. नातेवाईक "हट्टी आहे" म्हणायचे. मीही कधीकधी तसंच समजले, याचं वाईट वाटतं.

मागच्या हिवाळ्यात माथेरानला गेलो. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारगाड्यांना बंदी, हॉर्न नाहीत, म्हणून ते ठिकाण निवडलं. तयारी महिनाभर आधी सुरू केली. तीन टी-शर्ट घेतले, तिन्ही एकाच रंगाचे. ते रोज धुतले, उन्हात न वाळवता सावलीत वाळवले म्हणजे कडक होत नाहीत. घरात आठवडाभर घालू दिले. आतला बनियन उलटा घालते, शिवण बाहेर आणि गुळगुळीत बाजू अंगाला. मोजेही उलटेच.

अमन लॉज स्टेशनला माथेरानची छोटी रेल्वेगाडी आली. तो खिडकीशी बसला. मी त्याच्या हातांकडे बघत होते, कारण त्रास सुरू झाला की हात आधी गळ्याशी जातात. हात खिडकीच्या गजावरच राहिले. माथेरानच्या लाल मातीत दोन दिवस खेळला. ते तिन्ही टी-शर्ट अजून तांबूस आहेत, कितीही धुतले तरी. एका दुकानातल्या बाई म्हणाल्या, "अहो, बनियन उलटा घातलाय त्याने." मी म्हटलं, हो, त्याला तसाच आवडतो. त्या हसून "बरं बाळा" म्हणाल्या आणि त्याच्या हातावर चिक्की ठेवली.

एक विचारायचं आहे. उलटा बनियन घरात ठीक, पण आता तो शाळेत जाईल, गणवेश असेल. आतून बाहेरून सारखाच मऊ लागेल असं शिवून मिळतं का?

सोलापूर. नात दीड वर्षाची

उन्हाळ्यात तुळजापूरला जाताना आम्ही नातीला फक्त मलमलीचं बिनबाह्यांचं झबलं घालतो. ऊन येईल त्या बाजूला माझं पांढरं उपरणं ओलं करून खिडकीला बांधतो. देवदर्शनाचा परकर-पोलका तिथे पोचल्यावर.

म्युनिक. मुलगा २, मुलगी ५ वर्षांची

इथे मुलांच्या कपड्यांचं माप वयावर नसतं, उंचीवर असतं. ९२, ९८, १०४, म्हणजे मुलाची उंची तितके सेंटिमीटर. दोन मुलं एकाच वयाची असली तरी उंचीत बराच फरक असू शकतो, त्यामुळे हे मला फार पटलं. नाशिकला आई स्वेटर विणते. पूर्वी "आता चार वर्षांची ना?" म्हणून अंदाजाने विणायची आणि इथे पोचेपर्यंत स्वेटर आखूड. आता मी उंची कळवते, ती स्वयंपाकघराच्या दाराला त्या उंचीवर खडूने रेघ मारते आणि रेघेसमोर धरून विणते. दोन्ही हिवाळ्यांत स्वेटर बरोबर बसले.

गाडीने प्रवास करणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: मुलाला फुगीर जाकीट घालून कार सीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण तो जाकिटातल्या हवेवर घट्ट असतो. धक्का बसला की कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. जाकीट काढा, पट्टे अंगालगत ओढा, आणि जाकीट वरून पांघरा. घरी करून बघा: जाकिटासह पट्टा लावा, मग पट्टा तसाच ठेवून जाकीट काढा आणि पुन्हा अडकवा. मधली फट पाहून माझ्या पोटात गोळा आला होता.

कोल्हापूर. ३ वर्षं

गणपतीपुळ्याला भिजलेली जाड पँट आणि वाळू, दोन्ही मांड्या सोलवटल्या. समुद्रावर आता पातळ, लगेच वाळणारी चड्डी, आणि पाण्यातून बाहेर आलं की आधी गोड्या पाण्याने पाय.

चिपळूण

ठाण्याच्या ताईंना सांगते. जुनं, मऊ झालेलं सुती कापड घ्या, धोतराचं असेल तर उत्तम. शिवण दुमडून कपड्याच्या बाहेरच्या बाजूला सपाट टीप मारायची आणि तिच्यावर त्याच रंगाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी बसवायची. बाहेरून ती नक्षीसारखी दिसते, आत हाताला काही लागत नाही. गळ्याला आणि मुंढ्यालाही पट्टी बाहेरूनच. दोरा सुती वापरा, नायलॉनचा टोचतो. गणवेशाचा शर्ट वरून राहू दे, आत हा बनियन. शर्टाची कॉलर मात्र चार-पाच वेळा धुऊन मऊ करून घ्या.

ठाणे

काकू, सासऱ्यांचं एक धोतर ठेवलेलं आहे. आजच धुवायला टाकलं. मापाला त्याचा माथेरानचा तांबूस टी-शर्ट घेते.