मदत हवी आहे: सिंगापूरचा व्हीसी फंड (नव्या कंपन्यांत शेअर घेऊन पैसे लावणारा) भारतात पहिल्यांदाच उतरतोय आणि पहिला चेक आम्हाला देतोय, घ्यावा का?

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि गेले चार दिवस मी आणि माझा पार्टनर त्याच त्याच मुद्द्यांवर अडकून बसलोय.

भोसरी एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. सीएनसी मशीनच्या स्पिंडलवर बसणारा सेन्सर आणि त्याचं सॉफ्टवेअर, बेअरिंग जायच्या आधीच व्हायब्रेशनवरून कळतं, म्हणजे ऐन डिस्पॅचच्या दिवशी मशीन आडवं पडत नाही. चौदा माणसं, साठेक वर्कशॉप गिऱ्हाईक, बहुतेक भोसरी, तळवडे, चाकणची. पहिली वीस मशीनं तर बाबांच्या ओळखीतली, बाबांची लेथची शेड इथेच होती, त्या काकांनी "पोरीने केलंय ना, मग लाव" म्हणून चालू मशीनला हात लावू दिला. हे मुद्दाम लिहितेय.

आता फंडाबद्दल. भारतातला त्यांचा माणूस बंगळुरात बसतो, चार महिन्यांपूर्वी जॉइन झालाय, सध्या एकटाच आहे. माणूस मनापासून आवडला, तीन तास वर्कशॉपमध्ये उभा राहिला, कूलंट बदललं की रीडिंग बदलतं का असले नेमके प्रश्न विचारले. सहा कोटी द्यायला तयार आहेत. पण निर्णय सिंगापूरची इन्व्हेस्टमेंट कमिटी घेणार आणि त्यातल्या एकानेही भारतात आधी पैसे लावलेले नाहीत. टर्म शीटमध्ये (म्हणजे अटींच्या कच्च्या करारात) वन एक्स लिक्विडेशन प्रेफरन्स आहे, म्हणजे कंपनी विकली किंवा बुडाली तर आधी त्यांनी घातले तेवढे पैसे त्यांना परत, ते ठीक, सगळेच मागतात. ४५ दिवस दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही, तेही समजू शकते. पैसे दोन हप्त्यांत, दुसरा नऊ महिन्यांनी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सिंगापूरला होल्डिंग कंपनी (वरची मालक कंपनी) काढायची, आम्ही आमचे शेअर तिकडे फिरवायचे आणि भोसरीची कंपनी तिची सबसिडिअरी, म्हणजे तिच्या मालकीची, होणार.

मी वाचत बसले की परदेशात उतरलेल्या फंडांचं पुढे काय होतं. सिक्वोया ही अमेरिकन व्हीसी कंपनी २००६ मध्ये भारतात आली ती इथल्या वेस्टब्रिज फंडाच्या टीमशी हात मिळवून, तिकडच्याच ॲक्सेलने २००८ मध्ये इथल्या इरॅस्मिक फंडाला सोबत घेतलं, म्हणजे ज्यांना इथलं कळतं असे लोक त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होते. तरी २०११ मध्ये वेस्टब्रिजची जुनी मंडळी वेगळी झालीच आणि २०२३ मध्ये सिक्वोयाची भारताची शाखा सुटी होऊन पीक फिफ्टीन झाली. बेंचमार्क या अमेरिकन व्हीसीच्या युरोपच्या फंडाचंही २००७ मध्ये तसंच, वेगळा होऊन बाल्डर्टन झाला. या सगळ्यांत मागे उरलेली टीम तरी भक्कम होती. आमच्या केसमध्ये मागे उरणार कोण, तो एक माणूस? त्याने उद्या नोकरी सोडली तर आमच्या बोर्डवर जो येईल त्याला चाकण कुठे आहे हेही माहीत नसेल.

दुसरा पर्याय म्हणजे पुण्यातलेच चार एंजल (स्वतःच्या खिशातून गुंतवणूक करणारे लोक) मिळून दीड कोटी देतायत, भारतीय कंपनीतच, काही फिरवाफिरव नाही. पण दीड कोटीत राजकोट आणि कोइम्बतूरला सर्व्हिस टीम उभी राहत नाही, आणि सेन्सर लावून सर्व्हिस नाही दिली तर ते विकण्यात अर्थ नाही.

तर कोणी नव्याने आलेल्या फंडाची पहिली कंपनी झालंय का? काय विचारून घ्यायला हवं होतं असं नंतर वाटलं?

कर्वेनगरचा सीए

ताई, आधी होल्डिंग कंपनीचं. तुमचे शेअर देऊन सिंगापूरचे शेअर घेणं म्हणजे टॅक्सच्या दृष्टीने विक्रीच, हातात रुपया न येता कॅपिटल गेन लागतो. आणि परत यायचं ठरलं की तिकडूनही खर्च. फोनपे २०२२ मध्ये सिंगापूरहून भारतात आली तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८००० कोटी टॅक्स बसला होता. तुमची गिऱ्हाईकं सगळी भारतात, मग कशाला जायचं? परदेशी फंड भारतीय कंपनीत सीसीपीएस (पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारेच प्रेफरन्स शेअर) घेऊन थेट येऊ शकतो. एंजल टॅक्सची (वाजवीपेक्षा चढ्या भावाने शेअर विकले तर कंपनीवर लागणाऱ्या टॅक्सची) भीती घालत असतील तर तो २०२४ च्या बजेटमध्ये रद्द झाला. फेमा या परकीय चलन कायद्याखाली व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लागेल, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे आणि शेअर दिल्यावर ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म भरायचा, उशीर केला तर लेट फी. अजून एक, फंडात चीन किंवा हाँगकाँगचा पैसा कोणाचा, किती, हे लेखी घ्या. २०२० च्या प्रेस नोट ३ मध्ये (शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीवरच्या सरकारी नियमात) अडकलात तर सरकारी परवानगीची वाट बघत बसाल.

बाणेर, आधी एका फंडात होते

फंडाचं वय विचारा. साधारण दहा वर्षांचा फंड असतो, नवीन कंपन्यांत पैसे पहिल्या चार-पाच वर्षांतच लावतात, नंतर उरलेलं जुन्या कंपन्यांसाठी. हे सहाव्या वर्षात भारतात येत असतील तर पुढच्या राउंडला, म्हणजे तुम्ही पुन्हा पैसे उभे कराल तेव्हा, तुमच्यासाठी काही शिल्लक आहे का? प्रो-राटा, म्हणजे पुढच्या राउंडमध्ये आपला वाटा टिकवायला पैसे घालणं, हा त्यांचा हक्क आहे, तुमचा नाही, त्यावर विसंबू नका. आणि ज्या कंपन्या त्यांच्याकडे बुडाल्या त्यांच्या फाउंडर्सना फोन करा, यशस्वी लोकांचे नंबर ते स्वतःच देतील.

चाकण

आमचा दुसरा हप्ता आलाच नाही. इथला माणूस गेला, नवा आला, त्याला आमचा धंदा पटला नाही. घेणार असाल तर एकरकमी घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनदा वाचलं. आज सिंगापूरशी कॉल झाला. होल्डिंग कंपनीची अट सोडायला ते तयार आहेत, आश्चर्य म्हणजे फार ताणलं नाही, बहुतेक त्यांचा टर्म शीटचा साचाच तसा होता. फंड दुसऱ्या वर्षात आहे. हप्त्यांवर मात्र अडलंय, मी साडेचार कोटी चालतील पण एकदाच द्या म्हणून सांगितलंय, पार्टनरला हे पटलेलं नाही, पण राजकोटला माणसं घेऊन नऊ महिन्यांनी त्यांना घरी पाठवणं माझ्याच्याने होणार नाही. बुडालेल्या दोन कंपन्यांचे नंबर मागितलेत, एक आलाय, उद्या सकाळी बोलते. सीए दादा, एफसी-जीपीआरचं काम तुम्ही घेता का? व्यनि केलाय.