छोट्या सीएचए ऑफिसवर कोण कशाला सायबर हल्ला करेल?

द्रोणागिरीकर:
न्हावा शेवाला आमची छोटी सीएचए फर्म आहे, म्हणजे पार्टीचा माल कस्टम्समधून सोडवून देणारे एजंट. मी कस्टम्सचं फायलिंग बघते. सगळ्या पीसींना एकच पासवर्ड, डिजिटल सिग्नेचरचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं, ज्याने ऑनलाइन सही होते) दिवसभर मशीनला लावलेलं आणि त्याची पिन मॉनिटरवर चिकटवलेली. शेठना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याला कोण विचारतंय? हॅकर मोठ्यांच्या मागे लागतात." त्यांना पटेल असं काय सांगू?

करळफाटा:
ताई, शेठना २७ जून २०१७ ची आठवण करून द्या. नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क या बड्या जहाज कंपनीवर कुणी नेम धरला नव्हता, त्यांच्या तिथल्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर होतं एवढंच. तरी त्यांच्या समूहाचं जेएनपीटीतलं, म्हणजे आपल्या न्हावा शेवा बंदरातलं, जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. क्रेन शाबूत, बॉक्स म्हणजे कंटेनर यार्डात, पण कुठला बॉक्स कुठे आहे आणि कुणाला सोडायचा हे सांगणारी सिस्टिमच गेली. मी तेव्हा एका फॉरवर्डरकडे (पार्टीचा माल जहाजाने पाठवायची व्यवस्था करणाऱ्याकडे) एक्सपोर्टला होतो. पार्टीचे फोनवर फोन, "माझा बॉक्स लागला का?" आणि आमच्याकडे सांगायला काही नाही. मर्स्कला २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला.

तुमच्या कामाचा मुद्दा पुढे आहे. हा व्हायरस एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि तोच वापरून दुसऱ्यात शिरायचा. सगळीकडे एकच पासवर्ड म्हणजे त्याला मोकळं रान.

आणि छोट्यांना कोण विचारतं, तर अँटवर्पचे ड्रग्जवाले विचारत होते. २०११ ते २०१३ मध्ये त्यांनी तिथल्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून कंटेनरची जागा आणि सोडवण्याचे कोड मिळवले, आणि खरा मालक पोचायच्या आत आपले ट्रक पाठवून बॉक्स उचलले. बॉक्स नंबर, डीओ (डिलिव्हरी ऑर्डर), पार्टीचं नाव हे सगळं आपल्याही मेलमध्ये पडलेलं असतं.

टोकनचं तर मला फारच गंभीर वाटतं. कुणी बाहेरून ते मशीन ताब्यात घेतलं तर तुमच्या सहीने बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सचा अर्ज) भरेल, आणि कस्टम्सपुढे उभं राहावं लागेल लायसन्सवाल्याला. पिनचा कागद आजच फाडा, टोकन कामापुरतं लावा. याला एक रुपया लागत नाही.

सेकंडमेट_रत्नागिरी:
जहाजावरून एक भर घालतो. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ठरावानुसार २०२१ पासून सायबर धोका आमच्या सेफ्टी मॅनेजमेंटमध्ये धरावा लागतो. तरी बंदरात एजंटचा माणूस पेन ड्राइव्ह पुढे करतो, "साहेब, दोन पानं प्रिंट द्या." आम्ही तो जहाजाच्या पीसीला लावू देत नाही, कागद छापूनच आणायला सांगतो. तुमची पोरं सीएफएसपासून (बंदराबाहेरच्या कंटेनर डेपोपासून) सायबर कॅफेपर्यंत एकच पेन ड्राइव्ह फिरवत असतील तर तेही थांबवा.

द्रोणागिरीकर:
लायसन्सचं ऐकल्यावर शेठ स्वतः उठले आणि पिन काढली! पासवर्ड उद्या बदलतोय. टॅलीचा बॅकअप त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या पीसीवर जातो, ते चालेल?

करळफाटा:
नाही चालणार, व्हायरस तिथेही पोचेल. मर्स्कची सगळी लॉगिन यंत्रणा पुसली गेली होती. एक प्रत वाचली ती घानाच्या ऑफिसात, तीही वीज गेल्यामुळे तिथलं मशीन बंद होतं म्हणून. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, संध्याकाळी कॉपी झाली की केबल काढून कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या मशीनवर उघडतो का, तेही बघा.