मदत हवी आहे: पडवीच्या वाळवी लागलेल्या वाशांची दुरुस्ती
राजापूर तालुक्यातील आमच्या चिरेबंदी घराची शाकारणी वैशाखातच उरकायची आहे, कारण कोकणात साधारणपणे ७ जूनच्या सुमारास पाऊस सुरू होतो आणि मग छपरावर चढणे धोक्याचे ठरते. फुटकी मंगलोरी कौले बदलता येतील. खरी चिंता पडवीच्या वाशांची आहे, कारण भिंतीवर टेकलेल्या त्यांच्या टोकांना वाळवी लागली असून ती ठोकल्यावर पोकळ वाजतात, मधला भाग मात्र टणक आहे. केवळ टोक कापून नवे सागवान सांधले, तर ते कौलांचा भार पेलेल का, की पूर्ण वासाच बदलावा? खाऱ्या हवेमुळे लोखंडी पाइप नकोसे वाटतात. अंगणातील वारुळाचाही बंदोबस्त करायचा आहे, परंतु शेजारीच पिण्याच्या पाण्याची विहीर असल्याने जमिनीत कीटकनाशक ओतायला मन धजत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.