बार्बेक्यू आणि स्मोकिंग (मांसाला धुरी देऊन शिजवणं): सुरुवातीला खर्च किती? (अनुभव धागा)

वखारवाला
तंदुरीच्या चर्चेत कुणीतरी ‘हा श्रीमंतांचा खेळ’ म्हणालं, त्यावरून जुना वाद आठवला. आकडे लिहा, कौतुक नको. माझं मत: पहिला पैसा शेगडीवर नाही, टोचायच्या डिजिटल थर्मामीटरवर. साधारण 500 ते 1000 रुपये. चिकन हाडाजवळ 74 अंश सेल्सिअसला सुरक्षित, पण तंगडी 80 च्या पुढे नेली तरच हाडापासून सुटते. रंगावर भरवसा ठेवला की बाहेर काळं, आत कच्चं.
शेगडीला झाकण हवं आणि खाली आणि वर उघडझाप होणारी हवेची भोकं. झाकण नसेल तर भाजणं होतं, धुरी बसत नाही.

मिसळपुराण
झाकणवाली म्हणजे 20 हजार गेले 😭

वखारवाला
नाही. भंगारवाल्याकडून 200 लिटरचं पिंप आणा. खाद्यतेलाचंच, केमिकलचं फुकट दिलं तरी नको. आतला रंग लाकडं पेटवून पूर्ण जाळा, खरवडा, मग तेल लावून पुन्हा तापवा. तळाशी पाऊण इंची तीन भोकं, कोळशाच्या टोपलीपासून जाळी दोन फूट वर. वेल्डिंग धरून चार-पाच हजारांत बसतं.

एसएस३०४
जाळी जीआयची घेऊ नका!! जस्ताचा मुलामा तापला की त्याचा धूर विषारी. साधं लोखंड किंवा स्टील. भोकं पाडताना पिंपाचं तोंड उघडं ठेवा, आत तेलाची वाफ असते.

पुणेरी_शेगडी
कोळसा वखारीतून पोत्याने घ्या, दुकानातल्या छोट्या पाकिटांत निम्मे पैसे पाकिटाचेच. लाकडी कोळसाच, दगडी नाही. चुरा चाळून काढा, नाहीतर हवा अडते आणि आच मरते. रॉकेल शिंपडू नका, वास मटणात उतरतो. त्याऐवजी कोळसा पेटवायला तेलाच्या रिकाम्या 5 लिटर पत्री डब्याचा तळ आणि वरचा पत्रा कापा, तळापासून दोन इंचांवर आरपार सळ्या घाला, त्याखाली भोकं. वर कोळसा, खाली पेपर. 20 मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी साय येते, मग ओता. डबा आधी एकदा रिकामा जाळून घ्या.

बागुलबुवा
लाकूड कुठलं? आंबा?

पुणेरी_शेगडी
आंबा, पेरू, चिकू चालतात. वाळलेलं हवं. चीड (पाइन) किंवा देवदार नको, राळेचा कडू धूर. पाण्यात भिजवायची गरज नाही, आधी नुसती वाफच निघते. दाट पांढरा धूर म्हणजे हवा कमी पडतेय. पातळ निळसर झाला की मांस ठेवा.

ह्यूस्टनकर
इकडे 22 इंची केटल (झाकणाची गोल कोळशाची शेगडी) नवी दोनशे डॉलरच्या आसपास, जुनी बरीच स्वस्त. खरा खर्च मांसाचा. पहिल्याच वेळी ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) घेऊ नका. चरबी छाटून, शिजून अर्ध्याच्या आसपास उरतं. पोर्क शोल्डर (डुकराचा खांदा) घ्या, चुका माफ करतो.
केटलच्या कडेने ब्रिकेटच्या (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) दोन रांगा, त्यावर तसाच दुसरा थर, पाऊण वर्तुळ. एका टोकाला 10 पेटलेले. वर चार-पाच लाकडाचे तुकडे. 110 ते 120 अंशांवर 6-8 तास आरामात चालतं. मांसाच्या आत 65-75 ला पारा अडकतो, घाबरून कोळसा वाढवू नका. पाणी उडताना मांस थंड होतं, एवढंच. बुचर पेपरात (मांस गुंडाळायचा जाड कागद) गुंडाळा, 95 ला उतरवा, तासभर तसंच ठेवा. झाकणावरचा काटा जाळीवरचं तापमान दाखवत नाही.

मिसळपुराण
फ्लॅटच्या बाल्कनीत जमेल का

एसएस३०४
काचा लावलेल्या बाल्कनीत अजिबात नको. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. गच्चीवर, सेक्रेटरीला विचारून. पहिली तंगडी त्यांनाच 😄

अलिबागची_माई
एवढा खटाटोप कशाला, पोपटी लावा, आमच्याकडची मडक्यातली मेजवानी! मडकं, भांबुर्ड्याचा (रानातली वासाची वनस्पती) पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, ओवा, जाडं मीठ. मडकं उलटं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. खर्च चिकनचाच.

बागुलबुवा
माई, झालं कसं कळतं? थर्मामीटर? 😂

अलिबागची_माई
मडक्यावर पाणी शिंपड बाळा. चर्र होऊन लगेच उडालं की काढायचं. आणि चिकन पाल्यात गुंडाळून मधोमध ठेव, तोंडाशी नको, तिथे कच्चं राहतं.

वखारवाला
माई, तिथेही 74 बघाच.

मिसळपुराण
भांबुर्डा पुण्यात कुठे मिळेल?