‘ग्रॅव्हिटी’मधला दोर
‘ग्रॅव्हिटी’ या इंग्रजी चित्रपटात अवकाशात दोराला लटकलेला अंतराळवीर सहकारी वाचावी म्हणून स्वतःच दोर सोडतो. ‘दोर सोडला नसता तर दोघंही गेले असते’ हे काहींचं मत पटत नाही. विहिरीतल्या बादलीला खाली ओढ असते. अवकाशात दोर ताणून दोघं थांबले की ओढ उरतच नाही. हलका हिसका दिला की माणूस परत येतो. मोठी चूक कक्षेची, म्हणजे पृथ्वीभोवती फिरण्याच्या वाटेची आहे. चित्रपटात ते पाठीवरच्या यंत्राच्या जोरावर हबल दुर्बिणीपासून अवकाश स्थानकाकडे जातात. पण हबल विषुववृत्ताशी 28.5 अंशांच्या कोनात फिरते, अवकाश स्थानक 51.6 अंशांच्या. एका वाटेवरून दुसरीवर वळायला सेकंदाला सुमारे 3 किलोमीटरचा वेगबदल लागतो. नासानं 1984मध्ये वापरलेल्या तशा पाठीवरच्या यंत्राचा एकूण वेगबदल सेकंदाला जेमतेम 25 मीटरचा! पण चित्रपटातली अवकाशातल्या कचऱ्याची भीती खोटी म्हणू नका, भाऊ. एप्रिल 2022मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, आभाळातून धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं. आणि अवकाशात धडक होताना आवाज नाही, हे चित्रपटात अगदी बरोबर दाखवलंय.